बाईंचा ब्रेक

समस्त पुणेकरांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, आपण आजवर ज्याला डोकं म्हणत आलो ते प्रत्यक्षात एक मुख्य कार्यालय आहे. तिथे बातमी जाते, ती वाचली जाते, तिच्यावर विचार होतो, मग हुकूम निघतो, आणि तो हुकूम पायापर्यंत पोचेस्तोवर समोरचा रिक्षावाला हात न दाखवता वळून निघूनही गेलेला असतो. तरी ज्यांना गाडी चालवायची आहे त्यांनी डोक्यावर फार विसंबून राहू नये.

ही जाहीर सूचना माझी नाही, बाईंची आहे. मी फक्त तिला कागदावर आणतोय.

बाई धायरीत एका इमारतीच्या खालच्या गाळ्यात मोटार ड्रायव्हिंग स्कूल चालवत. त्याआधी सारी नोकरी त्यांनी ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवण्यात घालवलेली. "निवृत्त झाल्यावर दोन-तीन महिने घरी बसले," त्या सांगायच्या, "मग एक दिवस भांडीवालीला मूत्रपिंड समजावून सांगायला लागले. ती काम सोडून गेली. तेव्हा ठरवलं, ज्याला मधेच उठून जाता येत नाही असा विद्यार्थी पाहिजे." चालत्या गाडीत सीटबेल्ट लावून बसलेला माणूस हा असा विद्यार्थी. बाईंनी एक जुनी, पांढरी, छोटी गाडी घेतली, तिच्यात शिकवणाऱ्याच्या बाजूला वेगळा क्लच आणि ब्रेक बसवून घेतला, मागच्या काचेवर 'शिकाऊ चालक. हॉर्न ऐकून तो लवकर शिकत नाही' असं लिहून घेतलं आणि चेतासंस्थेचा धडा, जो बोर्डाच्या परीक्षेत नेहमी उरकला जातो असं त्यांचं दुःख होतं, तो सिंहगड रस्त्यावर सविस्तर घ्यायला सुरुवात केली.

मी तिथे गेलो तो बायकोमुळे. मी जन्मभर स्कूटरवाला. गाडी ती चालवायची आणि मी शेजारी बसून पायाखाली नसलेला ब्रेक दाबायचो. एकदा स्वारगेटच्या चौकात तिने गाडी बाजूला घेतली आणि शांतपणे म्हणाली, "तू इतका ब्रेक मारतोसच, तर जिथे खरा असतो तिथे जाऊन मार." मी चाळिशी कधीच ओलांडली होती. त्या वयात माणूस नवं काही शिकायला जातो तेव्हा त्याला लोकांनी आपलं कौतुक करावं असं वाटत असतं. बाईंनी ती सोय ठेवली नव्हती.

पहिल्या दिवशी त्यांनी मला गाडीत बसूच दिलं नाही. गाळ्यात एक उंच स्टूल होतं, त्यावर बसवलं. "पाय लोंबकळू द्या," म्हणाल्या. मग पत्रा ठोकायची रबरी हातोडी घेऊन माझ्या गुडघ्याच्या वाटीखाली टक्कन मारली. माझा पाय उडाला आणि बाईंच्या टेबलाला लागला.

"हे कुणी केलं?" बाईंनी विचारलं.

"तुम्ही मारलंत ना."

"मी मारलं. पाय कुणी उडवला?"

"मीच असेन."

"तुम्ही नाही. तुम्हाला तर पाय उडाल्यावर कळलं. बातमी गुडघ्यातून निघाली, पाठीच्या कण्यात गेली आणि कण्याने तिथल्या तिथे हुकूम दिला. मेंदूला फक्त नंतर प्रत गेली. ही प्रतिक्षिप्त क्रिया." मग खुर्चीत टेकून म्हणाल्या, "धायरी गाव होतं ना, तेव्हा असंच होतं. रस्त्यात खड्डा पडला की पाटील म्हणायचा बुजवा, की बुजला. आता आपण महापालिकेत आहोत. खड्ड्याची बातमी मुख्य कार्यालयात जाते. हा मेंदूने चालणारा कारभार."

मी उत्साहाने म्हणालो, "म्हणजे ब्रेक असा मारायचा, गुडघ्यासारखा."

"नाही," बाई म्हणाल्या. "तव्याला हात लागला की तो मागे येतो, ते जन्मतःच येतं. ब्रेक जन्मतः येत नाही. जन्मतः येत असता तर माझं दुकान चाललं असतं का?"

ब्रेक कुठून येतो ते त्यांनी मला सांगितलं नाही, मंगलताईंना सांगितलं. मी मागच्या सीटवर होतो. बाई एका वेळी दोन विद्यार्थी घेत. एक चालवायचा, दुसरा मागे बसून घाबरायचा. मंगलताई धायरीच्याच. घरची शेती होती, तिच्यावर आता बारा मजले उभे आहेत, आणि दारात एक भलीमोठी काळी गाडी. "गाडी दारात हाय," मंगलताईंनी पहिल्याच दिवशी मला माहिती दिली, "पण चावी ह्यांच्या खिशात. मी म्हणलं, शिकते. तर म्हणाले, तुझं कुठं काय काम असतंय. म्हणलं, ते शिकल्यावर बघू."

मंगलताई गिअर बदलताना गिअरकडे बघायच्या. बाईंनी विचारलं, "भाकरी थापताना हाताकडे बघता का?"

"न्हाई."

"पहिल्यांदा शिकलात तेव्हा?"

"तवा बघत व्हते. तरी फाटायची."

"तेव्हा मोठा मेंदू राबत होता. डोक्याच्या मागे, खालच्या बाजूला लहान मेंदू असतो. वर्षभर थापून थापून ते काम त्याच्याकडे गेलं. तोल, वेग, किती दाबायचं, किती सोडायचं, सगळं तो बघतो. गिअर त्याच्याकडे जायला पाहिजे. ब्रेकही."

मंगलताईंनी जरा विचार केला. "मग भाकरी करताना मोठा मेंदू काय करतो?"

"सासूचा विचार," बाई म्हणाल्या. "पुढे बघा, टेम्पो आहे."

बाईंची एक सवय नव्या माणसाला चक्रावून टाकायची. त्या माणसाला सूचना देतच नसत. अवयवाला देत. मेंदूची डावी बाजू शरीराच्या उजव्या बाजूचा कारभार बघते, त्यामुळे माझा उजवा पाय ॲक्सिलरेटरवर जास्त पडला की त्या म्हणायच्या, "अहो डावा मेंदू, उजव्या पायाला आवरा." क्लच लवकर सुटला की, "उजवा मेंदू झोपलाय." मी चुकलो असं त्या कधी म्हणाल्या नाहीत. बोलणी खायची ती माझ्या आतल्या कुणीतरी. घरी आल्यावर बायको विचारायची, "आज काय झालं?" मी म्हणायचो, "उजव्याला ओरडा बसला." तिने काही दिवसांनी विचारणं सोडलं.

वडगावच्या पुलाखाली एकदा माझ्या उजवीकडून बस आणि डावीकडून उसाने भरलेला ट्रॅक्टर असा प्रसंग आला. माझ्या हातांना घाम सुटला, तोंड कोरडं पडलं, छाती धडधडायला लागली. बाई शेजारी वर्तमानपत्र वाचावं तितक्या निवांत. "ही अनुकंपी चेतासंस्था," म्हणाल्या. "तुमच्या शरीराला वाटतंय वाघ आलाय. त्याने पळायची तयारी केली आहे. पण वाघ नाही, बस आहे."

"बाई, फरक काय?"

"वाघ डरकाळीचा का होईना, आधी हॉर्न देतो," बाई म्हणाल्या. "आता सावकाश श्वास सोडा. घेऊ नका, सोडा. अजून. दुसरी बाजू, परानुकंपी, तिला जागी करायची असेल तर श्वास लांब सोडायचा. ती म्हणजे घरातली समजूतदार जाऊ. पळायची तयारी हिने केली की ती येऊन म्हणते, अगं बस, चहा घे."

बस गेली, ट्रॅक्टर गेला, मी अजून श्वास सोडतच होतो.

चहा त्या बिनसाखरेचा घेत. त्यांना मधुमेह होता, बराच जुना. पण गाडीच्या पुढच्या कप्प्यात आल्याच्या वड्यांचा डबा असायचा आणि तो भरलेला राहत नसे. मी एकदा म्हणालो, "बाई, शुगर आहे ना तुम्हाला?" त्यावर वडी तोंडात ठेवून त्या म्हणाल्या, "मेंदू साखरेवर चालतो. सबंध शरीरात एवढासा अवयव, पण खाण्याला पहिला. त्याला उपाशी ठेवून मी तुम्हाला शिकवू?" शास्त्र इतकं चोख असलं की पथ्य मोडायलाही त्याचाच उपयोग होतो, हे मला त्या दिवशी समजलं.

आणि त्यांचे पाय. गाडीत बसल्या की बाई पहिल्यांदा चपला काढायच्या आणि अनवाणी पाय आपल्या बाजूच्या क्लच-ब्रेकवर हलके टेकवायच्या. नुसते टेकवलेले. "हुकूम नेणाऱ्या तारा वेगळ्या आणि बातमी आणणाऱ्या वेगळ्या," त्या सांगायच्या. "लोकांना वाटतं पाय म्हणजे हुकमाचा ताबेदार. तळवा आधी बातमीदार आहे. पेडल किती खाली गेलंय, कुठे अडलंय, गाडी थरथरतेय का, सगळं तो सांगतो. बूट घालून गाडी चालवणं म्हणजे बातमीदाराच्या तोंडात बोळा." त्यांचा तो अनवाणी पाय शेजारी आहे एवढ्यावर धायरी, वडगाव, नऱ्हे या भागातल्या कितीतरी बायका आणि माझ्यासारखे काही उशिरा उगवलेले पुरुष रस्त्यावर उतरले. आपण चुकलो तरी बाईंचा पाय चुकणार नाही, हा तिथला सगळ्यांत पहिला धडा होता. तो त्यांनी कधी शिकवला नाही, आपसूक यायचा.

मंगलताईंना लायसन मिळालं. काळ्या गाडीची चावी नवऱ्याच्या खिशातून कशी निघाली ते त्यांनी मला सांगितलं नाही, फक्त "निघाली" म्हणाल्या. तरी त्या येतच राहिल्या. सकाळचा डबा-बिबा उरकून मागच्या सीटवर येऊन बसायच्या. "घरी बसून टीव्हीच बघायचा ना," म्हणायच्या. "बाईंचं ऐकलेलं बरं." माझं मात्र चालूच होतं. माझा लहान मेंदू, बाईंच्या शब्दांत, सरकारी सुट्टीवर होता.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला बाई आम्हाला कात्रजच्या घाटात घेऊन गेल्या. चढावर गाडी थांबवायची आणि मागे न घसरता पुन्हा काढायची, ही त्यांची मोठी परीक्षा. मी ती दिली. निकालाबद्दल न बोललेलं बरं. उतरल्यावर चहाच्या टपरीवर थांबलो. बाई दार उघडून उतरल्या आणि टपरीकडे चालू लागल्या. एका पायात चप्पल होती, दुसरी गाडीपासून दोन पावलांवर पडलेली. वर ऊन असं, की डांबर चकाकत होतं. बाई त्यावरून सरळ चालत गेल्या, टपरीवाल्याला तीन चहा सांगितले आणि त्याच्या दुधाच्या उकळण्याबद्दल मतही दिलं.

मंगलताईंनी चप्पल उचलून आणली. "बाई, पाय भाजंना का?"

बाईंनी खाली पाहिलं. क्षणभर पाहतच राहिल्या. मग पाय चपलेत सारला. "अनवाणी चालायची सवय आहे," म्हणाल्या आणि चहा पिऊन टाकला. आल्याची वडी त्या दिवशी त्यांनी खाल्ली नाही. मी तेव्हा ती गोष्ट माझ्या परीक्षेच्या निकालाशी जोडली. माणूस स्वतःच्या अपयशाला नेहमीच फार महत्त्व देतो.

त्यानंतर काहीच दिवसांनी धायरी फाट्याच्या अलीकडे ते झालं. सकाळची वेळ, मी चालवत होतो, मंगलताई मागे. डावीकडच्या गल्लीतून दुधाचे रिकामे क्रेट लादलेला एक टेम्पो उलटा, मागे न बघता, सरळ रस्त्यावर आला. बाई म्हणाल्या, "ब्रेक," आणि त्याच वेळी त्यांनी आपला पाय दाबलेला मला जाणवला. पण गाडी थांबली नाही. उलट इंजिन एकदम मोठ्याने ओरडलं आणि गाडी तशीच टेम्पोकडे सरकत राहिली.

मग माझा पाय ब्रेकवर गेला. कसा गेला ते मला सांगता येणार नाही, कारण मी तिथे नव्हतो. गाडी थांबली तेव्हा क्रेटची निळी जाळी काचेच्या इतकी जवळ होती की तिच्यावर लिहिलेलं वाचता येत होतं. टेम्पोवाला उतरून आला, मागच्या काचेवरची पाटी वाचली, आणि पुणेकर असूनही काही न बोलता निघून गेला.

मला स्वर्ग दोन बोटं उरला. "बाई," मी म्हणालो, "पाहिलंत? प्रतिक्षिप्त क्रिया."

"प्रतिक्षिप्त नाही," बाई म्हणाल्या. आवाज नेहमीचाच. "सराव. लहान मेंदू कामावर आला तुमचा. अभिनंदन." पण त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. त्या खाली, स्वतःच्या पायांकडे बघत होत्या. उजवा पाय ज्याच्यावर होता तो क्लच होता. ब्रेक त्याच्या शेजारी मोकळा.

मागून मंगलताई पुढे वाकून तेच बघत होत्या.

"गाळ्यावर घ्या गाडी," बाई म्हणाल्या.

गाडी गाळ्यात आत घेतल्यावर बाईंनी शटर अर्धं ओढलं. कोनाड्यातल्या गणपतीपुढच्या डबीतून एक फुलवात काढली, टेबलावरच्या कागदातून एक टाचणी ओढली आणि दोन्ही मंगलताईंच्या हातात दिली. मग गाडीचं दार उघडून सीटवर बाहेर तोंड करून बसल्या, पाय बाहेर सोडले आणि साडी घोट्याच्या वर घेतली.

"कमरेपासून पायाच्या बोटापर्यंत एक तार जाते," त्या म्हणाल्या. वर्गात सांगतात तशा. "एकच पेशी, पण तिचं शेपूट तेवढं लांब. शरीरातली सगळ्यांत लांब. जुन्या मधुमेहात ज्या तारा लांब त्या आधी बिघडतात. म्हणून सुरुवात पायापासून. मुलांना मी हे दर वर्षी सांगायचे. परीक्षेत येत नाही म्हणून कुणी लिहून घेत नसे." मग मंगलताईंकडे वळून, "गुडघ्यापासून खाली या. कधी वात टेकवा, कधी टाचणी. मी काय आहे ते सांगेन. बरोबर आलं तर उद्या सकाळी नेहमीची बॅच. नाही आलं तर हे शटर पूर्ण खाली. ज्या पायाला ब्रेक सापडत नाही, त्याच्या भरवशावर मी कुणाला रस्त्यावर नेणार नाही." आणि मला म्हणाल्या, "रुमाल आहे ना? डोळे बांधा माझे. नाहीतर मी कॉपी करेन."

मी रुमाल बांधला. गाठ दोनदा चुकली. अनुकंपी, दुसरं काय.

मंगलताई खाली फरशीवर बसल्या. गुडघ्याखाली वात टेकवली.

"वात," बाई म्हणाल्या.

टाचणी.

"टाचणी. जरा हळू, मला भोकं नकोत."

पोटरीवर वात, वात, टाचणी. तिन्ही बरोबर. मी मनातल्या मनात टाळी वाजवली. घोट्यापाशी वात टेकली तेव्हा बाई थोडं थांबल्या, मान किंचित कलली. "वात," म्हणाल्या. बरोबर. आता मंगलताईंनी पाय हातात घेतला. तळव्यावर टाचणी टेकवली.

"वात."

मंगलताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे पाहिलं. त्यांनी फुलवात फरशीवर ठेवून दिली आणि टाचणी अंगठ्याखाली टेकवली, थोडी दाबली. कातडीत खड्डा पडलेला मला उभ्या जागेवरून दिसत होता.

"वात," बाई म्हणाल्या. पुन्हा एकदा टाचणी. "वातच." मग करंगळीकडे. "वात. मंगल, तुम्ही वातच का लावत सुटलाय?"

बाहेर रस्त्यावर कुणीतरी रिव्हर्स घेत होतं आणि त्या गाडीचं गाणं वाजत होतं.

"मार्क सांगा," बाई म्हणाल्या. रुमालाखाली त्यांचा चेहरा वर झालेला होता, निकाल ऐकायला वर्गातली हुशार मुलगी बघते तसा. "मला गप्प बसलेले परीक्षक आवडत नाहीत. पास की नापास?"

"बाई, तसं पाहायला गेलं तर," मी म्हणालो, आणि पुढचं वाक्य कुठे न्यायचं याचा मला काहीच पत्ता नव्हता.

मंगलताई बाईंचा पाय मांडीवर तसाच धरून एकदम बोलून गेल्या, "बाई, मगापासनं टाचणीच लावतेय मी, वात कवाच खाली ठिवली, पन ते शटर काय खाली वढायचं न्हाई, उद्यापासनं तुम्ही मागं बसून बोलायचं आन् पुढं ब्रेकवर पाय माझा ऱ्हाईल."